आवड कोणाची, निवड कोणाची?

"लोकांना जे हवे असते तेच आम्ही देतो," असे चित्रपट काढणारे म्हणतात. "जे दाखवले जाते तेच आम्ही पाहतो," असे आपण प्रेक्षक म्हणतो. दोन्ही वाक्ये कानाला खरी वाटतात. पण नीट ऐकली तर लक्षात येते, की देणारा मागणाऱ्याकडे बोट दाखवतो आणि मागणारा देणाऱ्याकडे. उत्पत्तीच्या पुस्तकात आदाम हव्वेकडे बोट दाखवतो आणि हव्वा सर्पाकडे. देव मात्र दोघांनाही वेगवेगळा प्रश्न विचारतो. करमणुकीच्या बाबतीतही तो प्रश्न आपल्या प्रत्येकापुढे आहे: मला जे आवडते ते खरोखर माझेच आहे का? की कोणीतरी ते माझ्यात घडवले आहे? आणि घडवले असेल, तर मग माझी जबाबदारी किती?

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करू या. करमणूक ही पापाची धाकटी बहीण नव्हे. संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या महाग्रंथात खेळ आणि विनोद यांविषयी स्वतंत्र विवेचन केले आहे. तिथे ते प्रेषित योहानाची एक जुनी आख्यायिका सांगतात. शिष्यांबरोबर हसतखेळत बसलेला योहान पाहून काही लोकांना नवल वाटले. त्यांच्यापैकी एकाच्या हाती धनुष्य होते. योहानाने त्याला बाण सोडायला सांगितले, मग आणखी सोडायला सांगितले आणि विचारले, "असे सतत करता येईल का?" तो म्हणाला, "नाही, धनुष्य मोडेल." माणसाच्या मनाचेही तसेच आहे, हे योहानाचे उत्तर. शरीराला विश्रांती लागते तशी मनालाही लागते. ज्याला हसता-खेळता येत नाही, जो दुसऱ्याच्या आनंदावर विरजण घालतो, त्याच्यात संत थॉमस दोषच पाहतात. म्हणून प्रश्न 'चित्रपट पाहावा का' हा नाही. धनुष्याची दोरी सैल करण्याचे काम ज्याच्या हाती आपण देतो, तो ती कशी हाताळतो, हा खरा प्रश्न आहे.

स्वप्नांचा कारखाना

हे समजून घेण्यासाठी अमेरिकेतील हॉलिवूडचा इतिहास उपयोगी पडतो. कारण तिथे हे काम उघडपणे आणि शिस्तबद्ध रीतीने झाले. १९३० च्या दशकात तिथे पाच मोठ्या कंपन्या होत्या: एम.जी.एम., पॅरामाउंट, वॉर्नर ब्रदर्स, ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स आणि आर.के.ओ. त्यांच्या जोडीला युनिव्हर्सल, कोलंबिया आणि युनायटेड आर्टिस्ट्स या तीन. पाच मोठ्यांचे बळ केवळ चित्रपट काढण्यात नव्हते. चित्रपट त्यांचा, त्याचे वितरण त्यांचे आणि तो जिथे लागे ती थिएटरेही त्यांचीच. शेत, गिरणी आणि वाण्याचे दुकान एकाच सावकाराचे असावे, तसे.

नटनट्या सात-सात वर्षांच्या कराराने बांधलेले असत. कोणत्या चित्रपटात काम करायचे हे कंपनी ठरवी. नकार दिला तर पगार बंद, आणि बंद राहिलेले महिने कराराच्या शेवटी जोडले जात. ऑलिव्हिया डी हॅविलंड या अभिनेत्रीने वॉर्नर ब्रदर्सविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. १९४४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाने सांगितले, की सात वर्षे म्हणजे दिनदर्शिकेवरची सात वर्षे. तेव्हा कुठे ही वेठ सुटली. मार्गारिटा कान्सिनो या स्पॅनिश वंशाच्या मुलीचे नाव बदलले, केसांचा रंग बदलला, कपाळावरची केसांची रेषासुद्धा विजेच्या उपचाराने मागे नेली. मग ती रिटा हेवर्थ म्हणून जगापुढे आली. प्रेक्षकांची आवड घडवण्याआधी कंपनीने माणूस घडवला होता.

थिएटरवाल्यांचीही गत तशीच. एखाद्या मोठ्या नटाचा चित्रपट हवा असेल, तर त्याच्याबरोबर कंपनीचे इतर चित्रपटही गठ्ठ्याने घ्यावे लागत. पुष्कळदा न पाहता, कधी तर ते तयार होण्यापूर्वीच. मग त्या गावच्या प्रेक्षकाने शनिवारी तिकीट काढले, की कंपनी म्हणे, "पाहा, लोकांनी हाच निवडला."

हे प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. ३ मे १९४८ रोजी निकाल लागला. त्यात नोंदलेला एक तपशील विचार करण्याजोगा आहे. देशातील एकूण थिएटरांपैकी केवळ १७ टक्क्यांच्या आसपास थिएटरांत या पाच कंपन्यांचा हिस्सा होता. ऐकायला हा आकडा लहान वाटतो. पण एक लाखाहून अधिक वस्तीच्या शहरांत, जिथे नवा चित्रपट सर्वांत आधी लागे, तिथली किमान ७० टक्के थिएटरे त्यांच्याशी जोडलेली होती. म्हणजे सगळी दारे ताब्यात घेण्याची गरज नसते. सगळे ज्या दारातून आधी आत शिरतात ते दार ताब्यात असले की पुरते. न्यायालयाने गठ्ठ्याने चित्रपट लादणे बेकायदा ठरवले आणि पुढच्या काळात कंपन्यांना आपली थिएटरे वेगळी करावी लागली.

या कारखान्याचे एक दार मुंबईतही होते. धोबी तलावचे मेट्रो थिएटर १९३८ मध्ये एम.जी.एम. कंपनीने स्वतः बांधले. चर्चगेटला उतरून तिथे चित्रपट पाहायला जाणाऱ्या आपल्या वाडवडिलांना तो सिंहाचा शिक्का आणि थंडगार सभागृह ठाऊक होते. आता तिथे मल्टिप्लेक्स आहे.

आता न्यायाची दुसरी बाजू. कारखान्यातून सगळा माल टाकाऊच निघतो असे नाही. १९४२ चा 'कॅसाब्लांका' हा वॉर्नर ब्रदर्सच्या नेहमीच्या रांगेतलाच एक चित्रपट. करारबद्ध कारागिरांनी तो केला, आणि त्यातले अनेक कलाकार युरोपातून नाझींच्या भीतीने आलेले निर्वासित होते. आपल्याकडे प्रभात फिल्म कंपनीचे उदाहरण आहे. १९२९ मध्ये कोल्हापुरात सुरू होऊन १९३३ मध्ये पुण्याला आलेली ही कंपनीसुद्धा पगारी कलावंतांची आणि एका छताखालची होती. तिने १९३६ मध्ये 'संत तुकाराम' काढला. तो मुंबईच्या एकाच थिएटरात वर्षाहून अधिक काळ चालला. लगेच १९३७ मध्ये तिने 'कुंकू' काढला. फसवून म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधलेली मुलगी ते लग्न मानायला नकार देते, ही त्याची कथा. त्या काळच्या समाजाने अशा कथेची मागणी केली होती असे म्हणणे कठीण आहे. कंपनीने ती समोर ठेवली आणि लोकांनी ती पाहिली, तिच्यावर वाद घातले, तिला मान दिला. 'लोकांना हवे तेच देतो' हे विधान अपुरे आहे, हे सिद्ध करायला हा एक चित्रपट पुरेसा आहे. लोकांना काय हवे असू शकते, हे देणाऱ्याच्या धैर्यावरही अवलंबून असते.

ख्रिस्तसभेचा हात

या इतिहासात आपल्या ख्रिस्तसभेचाही मोठा भाग आहे आणि त्याकडे डोळे उघडे ठेवून पाहिले पाहिजे. १९३० मध्ये हॉलिवूडने जी नैतिक नियमावली स्वीकारली, तिच्या मसुद्यामागे मार्टिन क्विग्ली हे कॅथोलिक प्रकाशक आणि येशूसंघीय धर्मगुरू फादर डॅनियल लॉर्ड होते. पहिली चार वर्षे ती कागदावरच राहिली. मग १९३४ मध्ये अमेरिकेतील बिशपांच्या पाठिंब्याने 'लीजन ऑफ डीसन्सी' उभी राहिली. लाखो कॅथोलिकांनी अश्लील चित्रपट न पाहण्याची शपथ घेतली. फिलाडेल्फियाचे कार्डिनल डोहर्टी यांनी तर आपल्या भाविकांना चित्रपटगृहांत पाऊलच टाकू नका असे सांगितले. कंपन्या वठणीवर आल्या. जोसेफ ब्रीन या कॅथोलिक गृहस्थांच्या हाती तपासणी आली. त्यांचा शिक्का नसलेला चित्रपट कोणी लावला तर २५,००० डॉलर दंड. १९३६ मध्ये पोप अकरावे पायस यांनी आपल्या विश्वपत्रात या कार्याची वाखाणणी केली.

यातून चांगले झाले का? काही झाले. दुष्टतेला सुंदर वेष चढवून विकणे अवघड झाले. पैशापुढेही एक रेषा असू शकते हे कंपन्यांना कळले. संघटित प्रेक्षक दुबळा नसतो हेही दिसले.

परंतु तीच नियमावली पूर्ण वाचली, की मन अस्वस्थ होते. काळ्या आणि गोऱ्या वंशांच्या स्त्री-पुरुषांतील संबंध पडद्यावर दाखवण्यास तिने बंदी घातली होती. ही बंदी १९५६ पर्यंत टिकली. देवाच्या प्रतिरूपात घडलेल्या दोन माणसांचे प्रेम त्यांच्या कातडीच्या रंगामुळे 'अनैतिक' ठरले, आणि त्यावर नीतीचा शिक्का होता. १९४० मध्ये 'गॉन विथ द विंड' या चित्रपटासाठी हॅटी मॅक्डॅनियल ही ऑस्कर मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय कलाकार ठरली. त्या समारंभात तिला बाकीच्या कलाकारांपासून दूर, वेगळ्या टेबलावर बसवले होते. चुंबनाचे सेकंद मोजणाऱ्यांना ते टेबल खटकले नाही. बाहेरून आलेली यादी आपल्याला काय टाळावे ते सांगते. आपण ज्यात बुडालो आहोत ते अन्याय मात्र ती यादीच आपल्यापासून लपवू शकते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. ही नियमावली चालली कशाच्या जोरावर? कंपन्यांच्या हाती थिएटरे होती म्हणून. शिक्का नसलेल्या चित्रपटाला दारच उघडत नसे. १९४८ च्या निकालाने ती साखळी सैल झाली आणि १९५३ मध्ये 'द मून इज ब्लू' हा चित्रपट शिक्क्याविना लागला आणि चाललाही. १९६८ मध्ये नियमावली जाऊन वयोगटानुसार वर्गवारी आली. म्हणजे ज्या मक्तेदारीने आवड घडवली, त्याच मक्तेदारीच्या खांद्यावर आपली नीतीही बसली होती. खांदा खचला तशी तीही खाली आली. विवेकबुद्धी घडवण्याचे काम मागे राहिले असेल, तर कुंपण पडल्यावर हाती काय उरते?

ख्रिस्तसभा या अनुभवातून पुढे गेली. रॉबर्तो रोसेलिनी यांच्या 'द मिरॅकल' या छोट्या चित्रपटाचा न्यूयॉर्कचे कार्डिनल स्पेलमन यांनी तीव्र निषेध केला होता. १९५२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच चित्रपटाच्या खटल्यात चित्रपटालाही अभिव्यक्तीचे संरक्षण आहे असा निर्णय दिला. १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने संपर्कमाध्यमांवरील आपल्या आदेशपत्रात प्रेक्षकांच्या कर्तव्याविषयी, त्यांनी विवेकाने निवड करण्याविषयी सांगितले. आणि १९९५ मध्ये चित्रपटाच्या शताब्दीनिमित्त व्हॅटिकनने ४५ चित्रपटांची जी यादी काढली, ती बंदीची नव्हती, गौरवाची होती. तिच्यात त्याच रोसेलिनींचे चित्रपट आहेत आणि पासोलिनी या निरीश्वरवादी दिग्दर्शकाचे 'मत्तयचे शुभवर्तमान'ही आहे.

दार आता खिशात आहे

"हा सगळा जुना इतिहास झाला," असे कोणी म्हणेल. पाहू या. १९७५ मध्ये 'जॉज' हा चित्रपट अमेरिकेत एकाच दिवशी चारशेहून अधिक थिएटरांत लावला गेला आणि त्याआधी दूरदर्शन संचांवर जाहिरातींचा मारा झाला. १९७७ मध्ये 'स्टार वॉर्स' आला. चित्रपटापेक्षा त्याची खेळणी, त्याचे पुढचे भाग, त्याचे नाव यांत अधिक पैसा आहे हे तेव्हा कंपन्यांना उमगले. मग ओळखीच्या नावांची खरेदी सुरू झाली. एकट्या डिस्ने कंपनीने २००६ मध्ये पिक्सार, २००९ मध्ये मार्व्हल, २०१२ मध्ये लुकासफिल्म आणि २०१९ मध्ये ७१ अब्ज डॉलरहून अधिक मोजून फॉक्सचा बहुतेक कारभार घेतला. सिंहाच्या शिक्क्याची एम.जी.एम. २०२२ मध्ये अॅमेझॉनकडे गेली. आपल्या मुलांच्या दप्तरांवरची आणि डब्यांवरची चित्रे पाहिली, की या खरेदीचा अर्थ कळतो. मूल चित्रपट पाहण्याआधीच त्या नावाचे गिऱ्हाईक झालेले असते.

२०२० मध्ये अमेरिकेच्या न्यायालयाने १९४८ च्या खटल्यातून आलेली बंधने काळाच्या ओघात अनावश्यक झाली म्हणून संपवली. पण त्याच सुमारास चित्रपट बनवणारी, वितरित करणारी आणि दाखवणारी कंपनी पुन्हा एकच झाली होती. थिएटर तेवढे बदलले; ते आता आपल्या मोबाइलमध्ये आहे. जुन्या काळी पहिल्या खेळाची ७० टक्के थिएटरे महत्त्वाची होती. आज ॲप उघडल्यावर दिसणारी पहिली ओळ महत्त्वाची आहे. हजारो चित्रपट त्या पेटीत आहेत हे खरे, पण आपला अंगठा बहुधा त्या ओळीवरच थांबतो. एक भाग संपला, की आपण काही ठरवण्याआधीच पुढचा सुरू होतो. पूर्वी निदान उठून तिकीट काढावे लागे. संकल्प केल्याशिवाय चित्रपट पाहता येत नसे. आता संकल्प लागतो तो थांबण्यासाठी.

कलावंतांनाही याची झळ लागली आहे. २०२३ मध्ये अमेरिकेतील लेखकांनी १४८ दिवस आणि अभिनेत्यांनी ११८ दिवस संप केला. मोबदल्याबरोबरच एक नवा प्रश्न त्यात होता: माणसाचा चेहरा आणि आवाज संगणकात साठवून कंपनीने त्याच्याविना वापरावा का? रिटा हेवर्थच्या कपाळाची रेषा मागे नेणाऱ्या विचाराचेच हे पुढचे पाऊल आहे. माणूस ही व्यक्ती आहे की कच्चा माल?

मग स्वातंत्र्य कुठे आहे?

प्लेटोच्या गुहेची कथा अनेकांना माहीत आहे. बांधलेले कैदी भिंतीवरच्या सावल्यांनाच सत्य मानतात. त्या कथेतील एक पात्र आपण बहुधा विसरतो: कैद्यांच्या पाठीमागे बाहुल्या उचलून धरणारी माणसे. सावल्या आपोआप पडत नाहीत. त्या पाडणारे कोणी असते. होर्कहायमर आणि अडोर्नो या जर्मन विचारवंतांनी १९४० च्या दशकात कॅलिफोर्नियात, हॉलिवूडच्या शेजारीच निर्वासित म्हणून राहत असताना करमणुकीच्या या कारखान्यावर कठोर टीका केली. प्रेक्षकाची भूकसुद्धा कारखान्यातच तयार होते, असा तिचा रोख. त्यांच्या निरीक्षणात बरेच तथ्य आहे. पण ते पूर्ण मान्य केले, तर प्रेक्षक म्हणजे नुसते मातीचे भांडे ठरते आणि जबाबदारी हा शब्दच निरर्थक होतो.

संत ऑगस्टीन आपल्या आत्मनिवेदनात मित्राची, अलिपियसची, हकिकत सांगतात, ती येथे अधिक वाट दाखवते. अलिपियसला रोममधील रक्तरंजित खेळांचा तिटकारा होता. मित्रांनी त्याला ओढून नेले. "शरीर न्याल, मन नेता येणार नाही," अशा खात्रीने तो डोळे मिटून बसला. पण प्रेक्षकांतून आरोळी उठली आणि कुतूहलाने त्याचे डोळे उघडले. त्या क्षणी तो खेळ त्याने पिऊन टाकला. पुढे तो स्वतः जाऊ लागला आणि इतरांनाही नेऊ लागला. यात दोन सत्ये आहेत. आवड बाहेरून आत येऊ शकते. केवळ 'मी पक्का आहे' ही घमेंड तिला अडवत नाही. आणि एकदा आत आलेली आवड आपली होते. आपणच तिचे प्रचारक बनतो. ॲरिस्टॉटलने हेच सवयीविषयी सांगितले. आपण जे पुन्हा पुन्हा करतो त्यातच आपल्याला रस वाटू लागतो. म्हणून लहानपणापासून योग्य गोष्टींत आनंद मानायला शिकणे यालाच तो खरे शिक्षण म्हणतो.

तेव्हा आपल्या प्रश्नाचे उत्तर असे: आवड पूर्णपणे आपली नसते, पण तिची मशागत आपल्या हाती असते. शेतात कोणते बी वाऱ्याने येऊन पडेल हे शेतकऱ्याच्या हाती नाही. कोणते वाढू द्यायचे आणि कोणते उपटायचे हे आहे. आणि अलिपियसची कथा तिथे संपली नाही. पुढे तो त्या खेळांतून सुटला, बाप्तिस्मा घेऊन आपल्या गावचा बिशप झाला. घडवली गेलेली आवड पुन्हा घडवता येते, याचा तो साक्षीदार आहे. संत थॉमस यांच्या विचारानुसार माणसाच्या इच्छेची ओढ परिपूर्ण चांगुलपणाकडे असते. कोणतीही निर्मित वस्तू तिला पूर्ण भरू शकत नाही. रात्री एकापाठोपाठ चार भाग पाहूनही मन रिकामे राहते, ते म्हणूनच. तो रिकामेपणा दोष नव्हे. कारखान्याला न गवसलेली आपल्यातील एक जागा अजून शाबूत आहे, याची ती खूण आहे.

आईवडील आम्हां धर्मगुरूंकडे पुष्कळदा यादी मागतात: कोणते चित्रपट चालतील, कोणते चालणार नाहीत? लहान मुलांसाठी मर्यादा हवीच आणि ती घालणे हा पालकांचा अधिकार आहे. पण यादीने काय साधते आणि काय निसटते ते आपण वर पाहिले. त्यापेक्षा घरात तीन साध्या सवयी लावू या. पहिली, काय पाहायचे ते पडदा उघडण्याआधी ठरवावे. संपल्यावर पडदा बंद करावा. दुसरी, आठवड्यातून एकदा तरी सर्वांनी एकत्र बसून पाहावे आणि नंतर जेवताना बोलावे: यात चांगला माणूस कोणाला म्हटले? कोणाला हसले? गरीब, काळा, म्हातारा, परधर्मीय माणूस कसा दाखवला? तिसरी, पहिल्या ओळीत न दिसणारा, आपल्या भाषेतला, आपल्या मातीतला एखादा चांगला चित्रपट मुद्दाम शोधावा, त्याचे तिकीट काढावे आणि शेजाऱ्यालाही सांगावे. १९३४ च्या कॅथोलिकांनी न पाहण्याची शपथ घेऊन बलाढ्य कंपन्यांना हलवले होते. चांगले ते शोधून पाहण्याचे व्रत आपण घेतले, तर त्याचेही बळ कमी असणार नाही.

एदेन बागेत देवाने विचारलेला पहिला प्रश्न 'कोणी केले' हा नव्हता; 'तू कोठे आहेस?' हा होता. आज रात्री पुढचा भाग आपोआप सुरू होण्यापूर्वी जे काही सेकंद पडद्यावर उलटे मोजले जातात, तेवढ्या वेळात या प्रश्नाचे उत्तर देता येते.